लुटीत वाचलेलं एक घर

सुरतेच्या पहिल्या लुटीत शाबूत राहिलेल्या घरांची यादी लहान आहे. इंग्रजांची आणि डचांची वखार वाचली, कारण तिथे बंदुका होत्या आणि त्या चालवायची तयारीही होती. डचांच्या एका हिंदू दलालाचं घर वाचलं. तो दलाल तेव्हा हयात नव्हता, पण जिवंतपणी मोठा दानधर्म करणारा होता असं शिवाजी महाराजांच्या कानावर घालण्यात आलं होतं; इतिहासकार त्याचं नाव मोहनदास पारख असं देतात. आणि आणखी एक घर वाचलं, ते कापुचिन पंथाच्या फ्रेंच पाद्र्यांचा मठ. तिथे तोफ नव्हती आणि तिजोरीही नव्हती. दारावरून लुटारूंच्या टोळ्या गेल्या, पण आत कोणी शिरलं नाही.

या मठाचा मुख्य होता फादर अँब्रोज. फ्रान्सच्या तूरेन प्रांतातल्या प्रयी गावचा, म्हणून कागदोपत्री अँब्रोज द प्रयी. कापुचिन पंथात दीक्षा घेतली की घराण्याचं आडनाव सुटतं आणि जन्मगावाचं नाव तेवढं मागे राहतं. आपल्याकडे संन्याशाला पूर्वाश्रम विचारत नाहीत, त्यातलाच प्रकार. 1664 च्या जानेवारीतल्या एका संध्याकाळी हा माणूस पेटलेल्या शहरातून बाहेर पडून मराठ्यांच्या छावणीत गेला आणि महाराजांशी बोलला. एवढीच ही गोष्ट. पण ती नीट समजायची तर त्या संध्याकाळपर्यंत कोण कसं पोहोचलं हे आधी पाहायला हवं.

सुरत हे मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर. तापीच्या काठी वसलेलं शहर आणि काही कोसांवर समुद्रालगत सुवाळीचा धक्का, तिथे मोठी गलबतं नांगर टाकत. हजला निघालेले यात्रेकरू इथूनच जहाजात बसत, म्हणून सुरतेला मक्केचं दार म्हणायचे. वीरजी व्होरासारखे सावकार इथे होते. त्यांच्याकडून इंग्रज कंपनीही व्याजाने पैसे उचलत असे. शहराची वस्ती दोन लाखांच्या घरात. त्यातली बहुतेक घरं बांबूची, कुडाची आणि गवताने शाकारलेली. धनिकांचे वाडे तेवढे विटा-लाकडांचे. किल्ला मजबूत होता, पण शहराला धड तटबंदी नव्हती. वेशी होत्या, वेशींना जोडणारी भिंत नव्हती!

या शहरात ख्रिस्ती माणसंही बरीच होती, आणि ती सगळी एकसारखी नव्हती. वखारीतले इंग्रज आणि डच प्रोटेस्टंट, गोऱ्या कातडीचे, कंपनीच्या छत्राखालचे. आर्मेनियन व्यापारी आपल्या वेगळ्या चर्चचे आणि बहुतेक सधन. या दोघांच्या खाली उरलेले ते गरीब कॅथलिक: पोर्तुगीज-भारतीय मिश्र वंशाचे लोक, खलाशी, वखारीतले नोकर, जहाज सुटल्यावर मागे राहिलेले. मोडक्या पोर्तुगीजवर त्यांचा व्यवहार चाले. त्यांच्या पाठीशी ना कंपनी होती, ना राजा. त्यांच्यासाठी होते हे कापुचिन.

असिसीच्या संत फ्रान्सिसच्या परंपरेतला हा पंथ सोळाव्या शतकात निघाला. जाड्याभरड्या तपकिरी कापडाचा झगा, त्याला टोकदार टोपरं, कमरेला दोरी, वाढवलेली दाढी. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं. मराठी वाचकाला यातली पहिली दोन ओळखीची वाटतील, तिसरं जरा वेगळं आहे. आज्ञापालन म्हणजे वरिष्ठ जिथे पाठवतील तिथे जायचं, बोलावतील तेव्हा परत यायचं, आणि ती आज्ञा देवाची इच्छा म्हणून स्वीकारायची. आवडनिवड मधे आणायची नाही. सतराव्या शतकात रोमने धर्मप्रसारासाठी स्वतंत्र खातं उघडलं (1622), आणि फ्रेंच कापुचिन अलेप्पो, बगदाद, इस्फहान करत पूर्वेला पसरले. सुरत त्याच वाटेवरचा मुक्काम. परतीचं तिकीट कोणालाच नसायचं.

गोव्याच्या पोर्तुगीजांना हे पाहुणे मुळीच पसंत नव्हते. पूर्वेतला ख्रिस्ती धर्म म्हणजे आपला मुलूख, पोपने आपल्या राजाला दिलेला, अशी त्यांची धारणा होती. तिथे रोमच्या परवान्यावर फ्रेंच संन्यासी येऊन वसतो म्हणजे काय! या भांडणात सर्वांत जास्त भरडला गेला तो एफ्राएम द नेव्हेर्स. हाही कापुचिन. 1642 च्या सुमारास तो मद्रासला पोहोचला आणि इंग्रजांनी त्याला तिथेच ठेवून घेतलं. 1649 मध्ये शेजारच्या सान्तोमेत पोर्तुगीजांनी त्याला पकडलं, गोव्याला नेलं आणि इन्क्विझिशनच्या कोठडीत टाकलं. गोव्याचं इन्क्विझिशन ही काय चीज होती हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. फक्त एवढंच, की त्या कोठड्यांत नवख्रिस्ती कोकणी माणसांबरोबर असे कॅथलिक पाद्रीही कुजले.

एफ्राएमच्या सुटकेची हकीकत जवाहिऱ्या ताव्हेर्निए सांगतो आणि ती एखाद्या फार्ससारखी आहे. फादर झेनो हा एफ्राएमचा जुना सोबती आणि सुरतेचा कापुचिन. तो गोव्याला जाऊन आला, मग थेट मद्रासला गेला आणि तिथल्या काही शिपायांना हाताशी धरून त्याने सान्तोमेच्या पोर्तुगीज गव्हर्नरलाच उचललं! गव्हर्नर पुढे निसटला. अखेर गोवळकोंड्याच्या दरबाराने दम भरल्यावर गोव्याचे पाद्री नरमले. दार उघडलं तरी एफ्राएम बाहेर यायला तयार होईना. शहरातले सगळे धर्मगुरू मिरवणुकीने न्यायला आले तेव्हा कुठे तो निघाला. बाहेर आल्यावर त्याने कोणाविरुद्ध तक्रार केली नाही. कोठडीतलं सर्वांत मोठं दुःख कोणतं, तर सोबतीला दिलेला एक माल्टाचा माणूस. तो दर दोन शब्दांमागे शिवी हासडायचा आणि दिवसभर तंबाखू ओढायचा.

ताव्हेर्निए मीठमसाला लावणारा माणूस आहे हे मान्य. तरी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हे लोक दुःखाकडे कसं पाहत, ते तिच्यात दिसतं. एफ्राएमने तक्रार केली नाही म्हणून तो मऊ होता असं म्हणता येत नाही; मिरवणुकीवाचून पाऊल न टाकणारा माणूस मऊ कसला. आणि झेनोने तर देवाच्या इच्छेची वाट पाहत बसायचं सोडून गव्हर्नरची मानगूट धरली. त्यांच्या डोक्यात आज्ञापालन आणि हातपाय गाळून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. अँब्रोज याच मुशीतला.

आता घाटावर काय चाललं होतं ते पाहू. शाहिस्तेखान 1660 मध्ये पुण्यात येऊन बसला आणि तीन वर्षं हलला नाही. त्या तीन वर्षांत पुणे, चाकण आणि कोकणचा काही भाग त्याच्या फौजांनी तुडवला. पिकं गेली, वसूल गेला. एप्रिल 1663 मध्ये लाल महालावरचा छापा झाला, खानाची बोटं तुटली, अब्रू गेली. पण महाराजांची तिजोरी काही त्याने भरली नाही. फौजेचा पगार, किल्ल्यांचा खर्च आणि तीन वर्षांचं नुकसान मोगलांकडूनच वसूल करायचं तर मोगलांची तिजोरी जिथे होती तिथेच जायला हवं होतं. सुरतेची निवड झाली ती अशी. धर्म हे कारण नव्हतं. सुरतेत जे भरडले गेले त्यांत वीरजी व्होरासारखे हिंदू-जैन सावकार होते, हाजी जाहिद बेगसारखे मुसलमान होते, आणि एक ख्रिस्ती वकीलही होता. त्याच्याकडे पुढे येतोच.

मंगळवारी, 5 जानेवारीला, सकाळी शहरात हूल उठली की दक्षिणेकडे गणदेवीजवळ मोठी घोडदळाची फौज आली आहे. विचारायला पाठवलेल्या माणसाला सांगण्यात आलं की हा बादशहाचाच सरदार आहे, अहमदाबादकडे निघालाय. यावर फार कोणी विश्वास ठेवला नाही. ज्यांना जमलं ते बायकामुलं घेऊन तापीपलीकडे पळाले. धनिकांनी किल्लेदाराला पैसे चारून किल्ल्यात जागा मिळवली. सुरतेचा मोगल अधिकारी इनायतखान त्याच रात्री किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार तो बादशाही खजिन्यातून घेत होता. शिपाई मात्र कागदावरच होते. शहर सांभाळण्यासाठी नेमलेला माणूस सर्वांत आधी शहर सोडून गेला, ही गोष्ट इंग्रज, डच, फ्रेंच सगळ्यांनी नोंदली आहे आणि पुढे सुरतकरही ती विसरले नाहीत.

इंग्रज वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन. महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झेंडन आपल्याला ठाऊक असतो, तो याच घराण्यातला. जॉर्जने सुवाळीच्या जहाजांवरून माणसं बोलावली, ढोल-कर्णे वाजवत शहरातून संचलन केलं आणि वखारीच्या दारांत तोफा मांडल्या. त्याचं काम सरळ होतं. माल कंपनीचा, हुकूम कंपनीचा, आणि मरायचं तर मालाच्या राखणीत मरायचं.

बुधवारी अकराच्या सुमारास महाराज बुऱ्हाणपूर वेशीबाहेरच्या एका बागेत उतरले. आदल्या रात्रीच निरोप गेला होता: खानाने आणि तीन बड्या व्यापाऱ्यांनी जातीने येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहर जाळून लुटू. उत्तर आलं नाही. मग स्वार आत शिरले. घरं फोडली जाऊ लागली, आगी लागल्या, गवताची छपरं भराभर पेटली. किल्ल्यातून तोफा सुटत होत्या, पण त्यांचे गोळे मराठ्यांपेक्षा सुरतेच्याच घरांवर जास्त पडले.

त्याच संध्याकाळी अँब्रोज छावणीत गेला.

आपल्याला हे सांगणारा माणूस म्हणजे जाँ द तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी. तो सुरतेला उतरला 1666 च्या जानेवारीत, म्हणजे लुटीला दोन वर्षं झाल्यावर. तो साक्षीदार नव्हे, पण तो आला तेव्हा शहर अजून त्याच गोष्टी बोलत होतं. तेव्हनो म्हणतो की सुरतेतल्या गरीब ख्रिस्ती लोकांची कणव येऊन अँब्रोज महाराजांकडे गेला आणि त्यांच्या वतीने बोलला. मागणं काय होतं हे इथे फार महत्त्वाचं. त्याने घरं मागितली नाहीत, माल मागितला नाही, मठाचंही नाव काढलं नाही. निदान या माणसांच्या देहाला हात लावू नका, एवढंच त्याने मागितलं. महाराजांनी त्याचा मान राखला, त्याला अभय दिलं आणि मागणं मान्य केलं. पुढे लुटारू मठापाशी आले तेव्हा वरून आलेल्या हुकमाप्रमाणे ते दारावरून निघून गेले.

औरंगजेबाच्या दरबारी वावरलेला डॉक्टर फ्रांस्वा बर्निए याला दुजोरा देतो. फिरंगी पाद्री ही चांगली माणसं आहेत, त्यांना त्रास होता कामा नये, अशा अर्थाचं महाराज बोलले असं तो लिहितो. बर्निए कॅथलिक घरातला असला तरी पाद्र्यांचं उगाच कौतुक करणारा नव्हता, आणि महाराजांबद्दल तर त्याचा सूर बराचसा कुचकट आहे. तरीही त्याने हे लिहिलं. महाराजांचा हा स्वभाव इतरांनाही माहीत होता. मशिदीला, कुराणाला आणि बायकांना धक्का लागू नये असा त्यांचा नियम होता हे त्यांना शिव्या देणाऱ्या खाफीखानानेच लिहून ठेवलं आहे. शत्रूच्या तोंडची साक्ष वकील मंडळी मोलाची मानतात.

अँब्रोजच्या या जाण्याला धाडस म्हणावं का? शब्द बरोबर आहे, पण अपुरा. त्याच्या धर्मात दुःखाचा सर्वांत मोठा प्रसंग एका बागेतला आहे: अटकेच्या रात्री येशू गेथसेमानेत प्रार्थना करतो, हे टळलं तर बरं असं म्हणतो आणि शेवटी बापाची इच्छा पत्करून उठतो. मराठीत हे नवं नव्हतं. गोव्यात फादर स्टीफन्सने येशूचं चरित्र ओवीबद्ध केलं होतं आणि ते 1616 मध्येच राशोलला छापून निघालं होतं, म्हणजे सुरतेच्या या प्रसंगाच्या जवळपास अर्धशतक आधी. त्या कथेत प्रार्थना संपल्यावर येशू पळत नाही आणि तिथे बसूनही राहत नाही. चाहूल लागताच उठून समोरून येणाऱ्यांना सामोरा जातो. कापुचिन संन्यासी हा प्रसंग जन्मभर मनात घोळवायचा. देवाची इच्छा काय हे त्या बुधवारी अँब्रोजला कोणी चिठ्ठीवर लिहून दिलं नव्हतं. त्याला दिलेला हुकूम जुनाच होता: या लोकांत राहायचं. शहर पेटल्यावर त्या हुकमाचा अर्थ काय, हे त्याने स्वतः ठरवलं.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. अँब्रोजने मागितलं ते आपल्या लोकांसाठी. बाकीच्या सुरतेसाठी कोणीच गेलं नाही.

त्या बाकीच्यांचं काय झालं ते गुरुवारी दिसलं. इनायतखानाने किल्ल्यातून एक तरुण वकील पाठवला, तहाची बोलणी करायला म्हणून. बोलता बोलता त्याने लपवलेली कट्यार काढून महाराजांवर झेप घेतली. जवळच्या मावळ्याने एका घावात त्याचा हात तोडला, तरी त्याच झपाट्यात तो महाराजांच्या अंगावर आदळला. रक्त उडालं. महाराज पडले असं पाहून छावणीत एकच ओरड उठली, कैद्यांना कापून काढा. महाराज उठले, कत्तल थांबवली. मग कैद्यांना पुढे आणलं गेलं आणि त्यांतल्या काहींची डोकी, काहींचे हात तोडले गेले. इंग्रजांच्या कागदांत चार डोकी आणि चोवीस हात असा आकडा आहे.

त्या रांगेत अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज होता. त्याचा उजवा हात तोडायचा हुकूम झाला तेव्हा तो हिंदुस्तानीत ओरडला, हात नको, डोकंच उडवा. डोकं उडवायचं म्हणून त्याची टोपी काढली, आणि तेवढ्यात महाराजांनी हात वर करून थांबवलं. स्मिथ वाचला. त्याच्याकडून ऐकलेली ही हकीकत इंग्रज वखारीचा पाद्री जॉन एस्कालियट याने महिनाअखेरीस लिहून इंग्लंडला पाठवली, तीही सर टॉमस ब्राउनला. डॉक्टराच्या धर्मविचारांवर पुस्तक लिहिणारा नॉरविचचा विद्वान तो. स्मिथ वाचला याबद्दल एस्कालियट देवाचे आभार मानतो. ते वाचताना मी अडखळतो. ज्यांचे चोवीस हात गेले त्यांच्या बाबतीत देवाची इच्छा काय होती, हा प्रश्न पत्रात येत नाही. सुटलेल्या माणसाला तो सहसा सुचत नाही. आणि एस्कालियटला नावं ठेवायलाही जीव होत नाही. चार दिवस तोफेमागे बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही, श्वास सोडतो.

महाराष्ट्रात हा प्रसंग सांगताना आपण बहुधा हात तोडलेले कैदी गाळतो, आणि परक्यांची पुस्तकं अँब्रोजला दिलेलं अभय एका ओळीत उरकतात. दोन्ही गोष्टी एकाच बागेत, चोवीस तासांच्या अंतराने घडल्या. खानाने वकिलाच्या हाती कट्यार दिली नसती तर दुसरी कदाचित घडलीच नसती.

आता तो ख्रिस्ती वकील. इथिओपियाचा राजा ख्रिस्ती. त्याने औरंगजेबाकडे एक वकिलात पाठवली होती. तिचा एक प्रमुख मुराद नावाचा आर्मेनियन ख्रिस्ती, दुसरा एक मुसलमान व्यापारी. नजराण्यात गुलाम पोरं होती, घोडे होते, चट्ट्यापट्ट्यांच्या एका जनावराचं कातडं होतं (वर्णनावरून ते झेब्र्याचं) आणि जवादी कस्तुरी भरलेलं बैलाचं एक प्रचंड शिंग. ही मंडळी नेमकी लुटीच्या वेळी सुरतेत सापडली. बर्निए मिस्कीलपणे लिहितो की त्यांच्याकडे उरलं काय, तर ओळखपत्रं, शिवाजीला पकडता न आलेले किंवा आजारी असलेले काही गुलाम, कोणालाच नको असलेले त्यांचे कपडे, ते कातडं आणि रिकामं झालेलं शिंग. ख्रिस्ती राजाने मुसलमान बादशहाला गुलाम पोरं भेट म्हणून धाडावीत यावरही त्याने टोमणा मारला आहे. त्या पोरांसाठी मात्र कोणी पाद्री छावणीत गेल्याची नोंद नाही, आणि दिल्लीला पोहोचल्यावरही कोणी त्यांना विचारलं नसणार.

शुक्रवार, शनिवार लूट चालूच राहिली. वीरजी व्होराचा वाडा खणून काढला आणि जाळला. हाजी जाहिद बेगचं घर इंग्रज वखारीला लागून होतं. तिथे शिरलेल्या मराठ्यांना इंग्रजांनी हुसकावलं म्हणून ते अर्धंमुर्धं वाचलं. रविवारी, 10 जानेवारीला, मोगल फौज निघाल्याची बातमी लागताच महाराज सकाळी दहाच्या सुमारास सोनं, रुपं, मोती असा हलका आणि किमती माल तेवढा घेऊन परतले. लुटीचे अंदाज वेगवेगळे आहेत; एक कोटीच्या आसपास हा नेहमी दिला जाणारा.

आठवड्याने मोगल फौज सुरतेत आली आणि इनायतखान किल्ल्याबाहेर पडला. रस्त्यावर लोकांनी त्याची हुर्यो केली, अंगावर घाण फेकली. खानाच्या मुलाला हे सहन झालं नाही. त्याने एका गरीब हिंदू व्यापाऱ्याला, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, जागीच ठार केलं. सुरतेच्या लुटीतला हा बहुधा शेवटचा बळी, आणि तो मराठ्यांच्या हातून गेला नाही.

मग बक्षिसांचे दिवस आले. बादशहाने ऑक्झेंडनला मानाचा पोशाख दिला, इंग्रज-डचांना जकातीत सवलत मिळाली, कंपनीने सोन्याचं पदक धाडलं. इनायतखानाची जागा गेली. शहराभोवती भिंत बांधायचं ठरलं. ती भिंत काही फार कामी आली नाही: ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज पुन्हा आले आणि तीन दिवस सुरत पुन्हा लुटली. त्यानंतर नुसत्या अफवेनेही दुकानं बंद होऊ लागली. व्यापारी हळूहळू दुसरीकडे वळू लागले आणि इंग्रजांचा डोळा मुंबईवर स्थिरावला. 1687 मध्ये त्यांनी मुख्य ठाणंच तिकडे हलवलं. सुरतेचं वैभव एका रात्रीत गेलं नाही, पण ते जाऊ शकतं हे 1664 च्या त्या पाच दिवसांत सगळ्यांनी पाहिलं होतं.

ऑक्झेंडन 1669 मध्ये सुरतेतच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षं आधी गेला होता. दोघांवर मिळून बांधलेली दुमजली, घुमटाची, मुसलमानी थाटाची समाधी सुरतेच्या इंग्रज दफनभूमीत आजही उभी आहे; इतकी मोठी की लांबून एखाद्या पीराचा दर्गा वाटावा. कंपनीचा माल राखणाऱ्याला कंपनीच्या माणसांनी दिलेला तो मान.

कापुचिनांना पदक आलं नाही, पोशाख आला नाही, आणि आला असता तरी त्यांच्या व्रतात तो बसला नसता. लुटीला दहा-अकरा वर्षं झाल्यावर जॉन फ्रायर हा इंग्रज कंपनीचा डॉक्टर सुरतेत होता. त्याचा डोळा तिखट आणि जीभ त्याहून तिखट. तोवर फ्रेंचांनीही सुरतेत वखार घातली होती. तिच्याबद्दल तो लिहितो की घरात रोकड कमी आणि मुसू (फ्रेंच साहेब) जास्त. खातात-पितात, कर्ज काढतात आणि डौल मिरवतात. त्याच दमात, पुढच्याच वाक्यात, तो फ्रेंच कापुचिनांकडे वळतो, आणि तिथे मात्र टोमणा नाही. त्यांचा इथे एक मठ आहे, लोकांत त्यांना मान आहे, एवढं नोंदवून तो पुढच्या विषयाकडे निघून जातो.